कासवीची नजर, होल्याचं दूध

आपल्या संतसाहित्यात कासवीचा दाखला पुन्हा पुन्हा येतो. कासवीला स्तन नाहीत, ती पिल्लांना पाजू शकत नाही, कुशीत घेऊ शकत नाही. ती लांबून नुसती पाहते आणि त्या नजरेवर पिल्लं वाढतात. गुरूची किंवा देवाची कृपा सांगायला याहून हळुवार प्रतिमा मिळणं कठीण आहे. दुसरीकडे भागवतात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये एक कपोत, म्हणजे पारव्या-होल्यांच्या कुळातला पक्षी, येतो. पारध्याच्या जाळ्यात पिल्लं अडकलेली पाहून मादी आपण होऊन जाळ्यात शिरते, तिच्या पाठोपाठ नर शिरतो. माया अति झाली की काय होतं, त्याचं ते उदाहरण.

जीवशास्त्राच्या बाजूने पाहिलं, तर कपोताच्या गोष्टीत बरंच तथ्य सापडतं, कासवीच्या दाखल्यात मात्र जवळजवळ काहीच नाही. समुद्री कासवी आपल्या पिल्लांकडे कधीच पाहत नाही. अंडी घालून ती पाण्यात परतते तेव्हा पिल्लं जन्माला यायला दीड-दोन महिने बाकी असतात, आणि ती त्यांच्यासाठी परत येत नाही. स्तन नसताना पिल्लांना दूध पाजणारा जीव मात्र खरोखर आहे. तो म्हणजे होला. आणि त्याच्यात नर आणि मादी दोघंही पाजतात.

या दोघांची तुलना कुणी करत नाही, कारण एक समुद्रात आणि एक झाडावर. कोकणात मात्र ते एकमेकांपासून शंभर पावलांवर असतात. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूवर नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान रात्री ऑलिव्ह रिडले कासवी अंडी घालायला चढतात. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग इथेही. त्याच वाळूच्या कडेला सुरूची झाडं, मागे माडांची आगरं, आणि तिथे दिवसभर घुमणारा ठिपकेवाला होला, ज्याला कोकणात कवडा म्हणतात. तपकिरी-गुलाबी अंग, मानेच्या मागे काळा पट्टा आणि त्यावर पांढरे ठिपके. कवड्याचं वजन दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर, तर कासवीचं ३५ ते ५० किलो. जगातल्या सात जातींच्या समुद्री कासवांमध्ये ऑलिव्ह रिडले आकाराने सगळ्यात लहान गटातली, तरीही हा फरक.

यातली चांगली आई कोणती, असा प्रश्न मुलं विचारतात. मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं नीट उत्तर शोधायला गेलं की समुद्रातलं कासव वाचवायचं कसं, याचंही उत्तर हाती लागतं.

आधी नातं

कासव म्हटलं की आपण त्याला पाल, सरडा, साप यांच्या रांगेत बसवतो. थंड रक्ताचं, खवल्यांचं, सरपटणारं. पक्षी वेगळे, पिसांचे, उडणारे. शाळेच्या पुस्तकातली विभागणी अशीच असते. पण जनुकांचा अभ्यास सुरू झाला तसं चित्र बदललं. २०१३ मध्ये हिरव्या समुद्री कासवाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यावरून आणि आसपासच्या वर्षांत झालेल्या इतर अभ्यासांवरून निघालेला निष्कर्ष असा की कासवाचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक म्हणजे मगरी आणि पक्षी. पाल त्याच्यापासून जास्त लांबची. म्हणजे वाळूवरची कासवी आणि सुरूवरचा कवडा यांचे पूर्वज, कासवी आणि पाल यांच्या पूर्वजांपेक्षा नंतर वेगळे झाले. हे 'नंतर'सुद्धा सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचं आहे, त्यामुळे चेहऱ्यावर साम्य शोधू नये.

एक साम्य मात्र उघड दिसतं. दोघांनाही दात नाहीत, दोघांनाही चोच आहे. पण ती वारशाने मिळालेली नाही. चीनमध्ये सापडलेल्या सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या एका आदिकासवाला दात होते आणि त्याच्या पोटाखालीच कवच होतं, पाठीवर नव्हतं. १५ कोटी वर्षांपूर्वीच्या आर्किऑप्टेरिक्स या आदिपक्ष्यालाही दात होते. दोन घराण्यांनी आपापल्या वाटेने दात टाकले आणि नखं-केस ज्या केराटिनचे असतात त्याचंच आवरण जबड्यावर चढवलं.

बाकी शरीर दोन टोकांना गेलं. कासवाच्या बरगड्या रुंद होऊन, मणक्यांशी जुळून पाठीची ढाल झाली. त्याचा खांद्याचा सांधा या ढालीच्या आत, बरगड्यांच्या खाली आहे. असं दुसऱ्या कुठल्याच कणाधारी प्राण्यात नाही. कवड्याची बरीच हाडं पोकळ आणि हलकी, छातीचं हाड उंच कण्यासारखं पुढे आलेलं, कारण पंख हलवणारे जाड स्नायू त्यालाच चिकटतात. कासवाचं शरीर पाण्याच्या तापमानाबरोबर गार-गरम होतं. कवडा आतली भट्टी सतत पेटती ठेवतो, त्याचं शरीर ४१ अंशांच्या आसपास असतं. त्या भट्टीला रोज इंधन लागतं, त्यामुळे कवड्याला रोज दाणे टिपावेच लागतात. कासवाचं आयुष्य संथ आणि लांब, कवड्याचं घाईचं आणि आखूड. हा एक मुद्दा लक्षात ठेवला की पुढचं बरंच काही आपोआप उलगडतं.

अंडं फिरवायचं की नाही

कासवी रात्री वाळूवर येते, भरतीच्या रेषेच्या वर जागा शोधते आणि मागच्या वल्ह्यांनी साधारण दीड फूट खोल खड्डा करते. मान वळवून पाहत नाही, सगळं काम स्पर्शावर चालतं. त्यात शंभरेक अंडी घालते, गोल, पांढरी, चार सेंटीमीटर व्यासाची, चामड्यासारख्या मऊ कवचाची. मग वाळू ओढून घरटं बुजवते आणि अंग डावीकडे-उजवीकडे आपटत ती वाळू धोपटून घट्ट करते. रिडले जातीची ही खास लकब आहे. साधारण तासाभरात सगळं उरकून ती समुद्रात जाते.

कवड्याचं घरटं पाहिलं तर आपल्यालाच काळजी वाटते. दहा-वीस काटक्या आडव्यातिडव्या टाकलेल्या, खालून अंडी दिसावीत इतकं विरळ. झाडाच्या बेचक्यात, खिडकीच्या ग्रिलवर, एसीच्या डब्यामागे, कुंडीत, कुठेही. त्यात दोन पांढरी अंडी. पण त्या दोन अंड्यांवर सतत कुणीतरी बसलेलं असतं. दिवसाचा बराच भाग नर, दुपार कलल्यापासून रात्रभर मादी. दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर.

आता यातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. पक्ष्याच्या अंड्यात बलकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे पांढरे पीळदार धागे असतात. कोंबडीचं अंडं फोडताना ते दिसतात. त्यांच्यामुळे अंडं कसंही फिरलं तरी बलक मधोमध राहतो. पक्षी अंडी चोचीने आणि पायाने अधूनमधून फिरवतात, आणि ती फिरवली नाहीत तर गर्भ नीट वाढत नाही. कासवाच्या अंड्यात हे धागे नसतात. घातल्यानंतर काही तासांत गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला वरच्या बाजूने चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं की गर्भ मरतो. एकाच कृतीने कवड्याचं पिल्लू जगतं आणि कासवाचं मरतं.

म्हणून कोकणातले कासवमित्र पहाटेच किनारा चालतात. कासवीच्या वल्ह्यांच्या खुणांवरून घरटं शोधतात, अंडी जशी होती तशीच उचलतात आणि कुंपणाच्या आतल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात. उशीर झाला तर हलवण्यातच अंडी जातात. वेळासला हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास सुरू केलं. त्याआधी ही अंडी माणसं काढून नेत, उरलेली कुत्रे आणि कोल्हे उकरत.

दूध

कवड्याच्या पिल्लाकडे येऊ. अंड्यातून बाहेर येतं तेव्हा ते आंधळं, जवळजवळ उघडं, मान उचलायची ताकद नसलेलं असतं. त्या अवस्थेत त्याला दाणा पचणार नाही. चिमणी, सुगरण यांसारखे दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांसाठी अळ्या आणि किडे आणतात, कारण वाढीला प्रथिनं लागतात. किडे भरपूर असतात तेव्हाच, म्हणजे पावसाळ्याच्या आसपास, त्यांचा विणीचा हंगाम जोरात असतो.

होले, पारवे, हरियाल हे सगळे एकाच कुळातले. त्यांनी वेगळा मार्ग काढला. पक्ष्याच्या गळ्याच्या खाली खाल्लेले दाणे साठवायची एक पिशवी असते. अंडी उबवत असतानाच प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे नर-मादी दोघांच्याही या पिशवीचं आतलं अस्तर जाड होऊ लागतं. पेशी भराभर वाढतात, मेद आणि प्रथिनांनी भरतात, आणि पिल्लं बाहेर येण्याच्या सुमारास सुटून पडू लागतात. तो पांढरट-पिवळसर, फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा घट्ट ऐवज म्हणजे होल्याचं दूध. त्यात साखर जवळजवळ नसते, पण मेद, प्रथिनं आणि रोगांशी लढणारी द्रव्यं असतात. पिल्लू आई किंवा बापाच्या उघड्या चोचीत आपली चोच खुपसून ते ओढून घेतं. पहिले काही दिवस फक्त हेच, नंतर त्यात भिजलेले दाणे मिसळू लागतात.

प्रोलॅक्टिन म्हणजे माणसाच्या आईच्या अंगात दूध आणणारं तेच संप्रेरक. ज्यांचा पूर्वज तीस कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला अशा दोन प्राणिगटांनी, संपूर्ण वेगळ्या अवयवांतून, त्याच रासायनिक निरोपावर बाळाचं अन्न बनवावं, याचं आश्चर्य मला संपत नाही. पक्ष्यांमध्ये असं दूध होल्याच्या कुळाखेरीज रोहित पक्ष्यांमध्ये आणि एम्परर पेंग्विनच्या नरामध्ये सापडतं. एवढेच.

या दुधाने कवड्याला एक मोठी मोकळीक दिली आहे. त्याला किड्यांची वाट पाहावी लागत नाही. दाणे मिळताहेत तोवर त्यांतूनच तो पिल्लांचं सकस अन्न बनवतो, त्यामुळे बाराही महिन्यांत कधीही वीण करू शकतो. शहरात सांडलेलं धान्य असतंच. मात्र दूध बनवायला अंगातली ताकद खर्च होते. दोन पालकांच्या दोन पिशव्या किती पिल्लांना पुरणार? अंडी दोनच असण्यामागे हे एक कारण असावं, असं अभ्यासक मानतात. पिल्लू दोन आठवड्यांत घरट्याबाहेर पडण्याइतकं होतं. अंडं घातल्यापासून महिनाभरात नवा कवडा हवेत. (तुमच्या बाल्कनीत घरटं झालं असेल तर एवढा एक महिना ती कुंडी हलवू नका. तेवढंच पुरतं.)

तेवढ्या महिन्यात कासवाचं पिल्लू अजून वाळूखाली अंड्यातच असतं. आई जवळ नाही, पण तिने काहीच दिलेलं नाही असंही नाही. बलकाच्या रूपाने तिने शिदोरी बांधून दिलेली असते. अंड्यातून निघण्याच्या वेळी उरलेला बलक पिल्लू पोटात ओढून घेतं, आणि त्यावर वाळूतून वर येणं, किनारा ओलांडणं आणि पुढचे एक-दोन दिवस न थांबता खोल समुद्राकडे पोहणं, हे सगळं भागवतं. भावंडं एकत्र हातपाय मारतात, वरची वाळू ढासळत खाली येते आणि सगळी मिळून हळूहळू वर सरकतात. एकट्या पिल्लाला हे फार जड जातं. रात्री वरची वाळू गार झाली की बाहेर पडायची खूण मिळते. मग जिकडे क्षितिज जास्त उजळ तिकडे धाव. अंधाऱ्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचं असतं. आता रिसॉर्टचे दिवे समुद्राहून जास्त उजळ असतात, आणि पिल्लं त्या दिव्यांकडे चालत जातात. एक दिवा विझवणं किंवा खाली वळवणं, इतकं सोपं काम आहे ते, आणि तरी होत नाही याचा राग येतो.

हिशेब

आता मूळ गोष्टीकडे. कासवीची शंभर अंडी पाहून वाटतं, किती ही उधळण. कवड्याची दोन पाहून वाटतं, किती ही तंगी. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि ते कळायला साधा गुणाकार पुरतो.

एखाद्या प्राण्याची संख्या वर्षानुवर्षं साधारण तेवढीच राहत असेल, तर एका जोडीच्या सगळ्या पिल्लांपैकी सरासरी दोनच मोठी होऊन स्वतः वीण करत असली पाहिजेत. दोघं गेली, दोघं आली. दोनाऐवजी तीन जगली असती तर काही पिढ्यांत पृथ्वीवर तेच ते दिसलं असतं. एकच जगलं तर काही पिढ्यांत ती जात संपली. हा नियम हत्तीला लागू, डासाला लागू, कासवाला लागू, कवड्यालाही.

समजुतीसाठी आकडे धरू. एक कासवी एका हंगामात दोनदा, दर वेळी शंभर अंडी घालते आणि अशी पंधरा वर्षं घालते असं माना. झाली तीन हजार अंडी. त्यातून दोन मोठी व्हायची, म्हणजे दीड हजारात एक. किनाऱ्यावर 'हजारात एक जगतं' असं जे म्हणतात ते याच मापाचं आहे. कवड्याची जोडी वर्षात चार वेळा दोन-दोन अंडी घालते आणि तीन वर्षं जगते असं माना. झाली चोवीस. त्यातून दोन, म्हणजे बारात एक.

शेवटी दोघांच्याही हातात दोनच. कवडा दर पिल्लावर दूध, ऊब आणि राखण खर्च करतो आणि त्या बदल्यात एका पिल्लाची शक्यता शंभरपटीने वाढवून घेतो. कासवी तोच खर्च तीन हजार शिदोऱ्यांमध्ये वाटते. चांगली आई कोणती, याचं उत्तर इथे मिळतं. दोघी सारख्याच यशस्वी आहेत, नाहीतर दोघींपैकी एक कधीच नाहीशी झाली असती.

पण या हिशेबात एक अट दडलेली आहे. कासवीची रीत चालते ती ती स्वतः दीर्घकाळ जगली तरच. पहिलं अंडं घालायलाच तिला दहा-पंधरा वर्षं लागतात. त्यानंतर वर्षानुवर्षं ती हंगामाला परत येत राहिली पाहिजे, तेव्हा कुठे त्या तीन हजारांतून दोन निघणार. तिच्या सगळ्या योजनेचा पाया म्हणजे मोठ्या कासवाला समुद्रात फारसा शत्रू नसणं. कोट्यवधी वर्षं ते खरंही होतं.

उष्ण वाळू

आणखी एका बाबतीत कासवीने पिल्लांचं भवितव्य वाळूच्या हवाली केलं आहे. कवड्याचं पिल्लू नर की मादी, हे गुणसूत्रांवर ठरतं. पक्ष्यांमध्ये दोन वेगळी गुणसूत्रं मादीकडे असतात, माणसाच्या उलट. हवा गरम असो की गार, त्यात फरक पडत नाही. समुद्री कासवांना अशी लिंग ठरवणारी गुणसूत्रंच नाहीत. उबवणीच्या मधल्या काळात वाळू किती गरम आहे यावर सगळं ठरतं. २९-३० अंशांच्या आसपास नर-मादी निम्मे-निम्मे, त्याहून गरम असेल तर माद्या जास्त, गार असेल तर नर जास्त. एका-दोन अंशांत पारडं झुकतं, आणि वाळू फारच तापली तर अंडी मरतात.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या तरुण कासवांमध्ये ९९ टक्के माद्या निघाल्या. ती मोठी होतील तेव्हा नर कुठून येणार? कोकणात हॅचरीवर सावलीसाठी जाळी टाकणं, घरट्याचं तापमान मोजणं, हे काम त्यामुळे फार मोलाचं आहे. हंगामाच्या सुरुवातीची, थंडीतली घरटी वाचवणंही तितकंच मोलाचं, कारण नर बहुधा त्यांतून येतात.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. कासवी वाळूवर असताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतं आणि पाहणाऱ्याच्या पोटात कालवतं. डोळ्यांमागच्या ग्रंथी रक्तातलं जादा मीठ बाहेर टाकत असतात, समुद्राच्या पाण्याहून खारट पाण्याच्या रूपात. अशा ग्रंथींमुळेच तिला गोड्या पाण्याविना जगता येतं. कवड्याचं अन्न कोरडे दाणे, त्यामुळे त्याला रोज पाणी हवंच. इतर बहुतेक पक्षी चोचीत घोट घेऊन मान वर करतात. कवडा चोच पाण्यात बुडवून सरळ ओढून पितो.

प्रवासात तर तुलनाच नाही. ठिपकेवाला होला बहुधा आपल्या भागातच आयुष्य काढतो. कासव पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने समुद्र पार करतं. २०२२ च्या सुरुवातीला कोकणच्या किनाऱ्यावर पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारी यंत्रं बसवली. त्यांना प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री अशी नावं दिली. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर वल्ह्याला बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. भारताचे दोन किनारे एकाच कासवीचे असू शकतात, हे त्या एका बिल्ल्याने दाखवलं.

कुणाचं मरण महाग

हिशेबातली ती अट आता उपयोगी पडते. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर लॉगरहेड कासवांची संख्या घटत होती. लोक जिवापाड घरटी राखत होते. १९८७ मध्ये डेबोरा क्राउज, लॅरी क्राउडर आणि हाल कॅसवेल या तिघांनी कासवाच्या आयुष्याचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यातल्या मृत्यूचा संख्येवर काय परिणाम होतो, याचं गणित मांडलं. उत्तर धक्कादायक होतं. अंडी आणि नवजात पिल्लं शंभर टक्के वाचवली तरी घट थांबत नव्हती. मोठी होत आलेली आणि मोठी कासवं समुद्रात मरायची कमी झाली, तरच संख्या सावरत होती.

कारण आपल्या वरच्या गुणाकारातच आहे. एक अंडं म्हणजे दीड हजारातली एक शक्यता. एक प्रौढ मादी म्हणजे ती सगळी सोडत जिंकून आलेली, आणि पुढच्या हजारो अंड्यांची मालकीण. ती मेली तर तिची जागा भरायला दीड हजार अंडी आणि दहा-पंधरा वर्षं लागतात. कवड्याची मादी गेली तर वर्षभराच्या आत दुसरी तिच्या जागी वीण करत असते.

आणि मोठी कासवं मरतात ती मुख्यतः ट्रॉलरच्या जाळ्यात. कासव फुप्फुसाने श्वास घेतं, जाळं तासन्‌तास पाण्याखाली ओढलं जातं, आणि आत अडकलेलं कासव गुदमरून मरतं. त्यावर उपाय म्हणून जाळ्यात तिरपी जाळीदार चौकट बसवतात. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांवर आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडतं. याला टेड म्हणतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या बोटींना साजेसं टेड तयार केलं आहे. ते सर्रास वापरलं जात नाही, म्हणून अमेरिकेने भारतीय समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात थांबवली आणि त्याची झळ मच्छीमारांना बसली.

दोन्ही उपाय मिळून काय होऊ शकतं, ते केम्प्स रिडले या ऑलिव्ह रिडलेच्या सख्ख्या बहिणीने दाखवलं. मेक्सिकोच्या रांचो नुएव्हो किनाऱ्यावर १९४७ मध्ये एका दिवसात चाळीस हजार माद्या आल्याचा अंदाज त्या दिवशीच्या चित्रफितीवरून केला गेला. १९८५ मध्ये अख्ख्या हंगामात घरटी होती ७०२. मग घरटी राखली, जाळ्यांत टेड आलं, आणि २०१० च्या आसपास घरटी वीस हजारांच्या घरात गेली. दरम्यान पंचवीस वर्षं गेली, कारण कासवाला मोठं व्हायलाच दहा-पंधरा वर्षं लागतात. वेळासला आज सोडलेलं पिल्लू परतायचंच असेल तर शाळेतल्या मुलाची नोकरी लागेपर्यंत परतणार.

होल्यांचं काय? ठिपकेवाला होला आज सुरक्षित आहे, हवाई आणि ऑस्ट्रेलियातही माणसाने नेल्यावर तो मजेत स्थिरावला. पण त्याच्याच कुळातला उत्तर अमेरिकेचा प्रवासी पारवा आठवावा लागतो. अब्जावधी संख्या, एकाच झाडावर कित्येक घरटी, आणि प्रत्येक घरट्यात एकच अंडं. रेल्वे आणि तारयंत्र आलं, तसे थवा कुठे उतरला याच्या बातम्या शिकाऱ्यांपर्यंत जाऊ लागल्या आणि त्यांनी घरट्यांच्या वसाहतीच गाठल्या. प्रौढ पक्षी मारले, पिल्लं टोपल्या भरून नेली. १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची शेवटची मादी मेली. दूध पाजून, आळीपाळीने उबवून, बारात एक जगवण्याची रीतसुद्धा प्रौढच मारत सुटल्यावर तगत नाही.

कोकणात घरट्यांची बाजू आता बऱ्यापैकी सांभाळली जाते, ती कासवमित्रांच्या कष्टांमुळे. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं सोडताना पाहायला गर्दी जमते, टाळ्या पडतात, आणि किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत जाळ्यात काय चाललंय हे दिसत नाही. तिकडे पाहणारी एक चांगली योजना महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर त्या जाळ्याची भरपाई मिळते, जास्तीत जास्त २५ हजार रुपये. त्यासाठी सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. वरच्या हिशेबाने पाहा. जाळं कापून सोडलेली एक प्रौढ मादी म्हणजे वाळूतली पंधरा घरटी. त्यामुळे कोकणात गेलात, बंदरावर कोळ्यांशी बोलणं झालं, तर हॅचरीबद्दल विचारता तसं या योजनेबद्दलही विचारा. भरपाई वेळेवर मिळते का, टेड लावल्यावर कोळंबी किती सुटते, कुठल्या महिन्यात कासवं जास्त अडकतात, हे त्यांनाच माहीत असतं.